एकाच तारेवर दोघी

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिला सगळे नंबरताई म्हणायचे. कुणी काहीही विचारलं की तिच्या तोंडून आधी "नंबर?" असंच निघायचं. एकदा तर दारात आलेल्या दूधवाल्यालाही तिनं तेच विचारलं होतं. नाव चेष्टेतून पडलं आणि मग चिकटलं. सरकारी कागद सोडले तर तिचं खरं नाव कुठे वापरात राहिलं नाही.

ती ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल जोडायच्या बोर्डावर होती. समोर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर बारीक दिवा, हाताशी दोऱ्या आणि दोरीच्या टोकाला पितळी खुंटी. दिवा लागला की खुंटी घालायची, नंबर विचारायचा, दुसरी खुंटी लांबच्या गावाच्या भोकात घालायची आणि दोन्हीकडचे लोक बोलायला लागले की बाजूला व्हायचं. मध्येच एकदा कळ दाबून ऐकायचं, बोलणं चालू आहे ना, की तार गेली. जे कानावर पडेल ते विसरायचं, ही नोकरीची अट होती. नंबरताई ती इतकी कसोशीनं पाळायची, की घरी सांगितलेली कामंही तिच्या लक्षात राहत नाहीत, अशी तिच्या आईची तक्रार होती.

इमारत एकच होती, पण खाती दोन. उजव्या अंगाला टेलिफोन, डाव्या अंगाला तार. मध्ये भिंत. जिने वेगळे, साहेब वेगळे, खांब वेगळे. रस्त्याखालून केबल टाकायची तर आधी टेलिफोनवाले खणायचे, बुजवायचे, आणि डांबर सुकतंय न सुकतंय तोच तारवाले तीच जागा खणायला यायचे. टेलिफोनवाले म्हणायचे, यांना बोलता येत नाही म्हणून बसतात टकटक करत. तारवाले म्हणायचे, यांना लिहिता येत नाही म्हणून नुसती बडबड. दोन्ही बाजूंना एकच उपाहारगृह होतं, तिथेही बाकं वाटून घेतलेली होती. एका तारेवरून बोलणं आणि लिहिणं दोन्ही जाईल, असं तेव्हा कुणी म्हणालं असतं, तर दोन्ही बाकांवरचे लोक पहिल्यांदाच एकत्र हसले असते.

नंबरताईनं लग्न केलं नाही. ती आईबरोबर एक्स्चेंजच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिला एक धाकटी बहीण होती. लहानपणी तापात धाकटीचे दोन्ही कान गेले. तोवर ती बोलायला शिकली होती, पण स्वतःचा आवाज ऐकू येईना तसं तिचं बोलणं हळूहळू घसरत गेलं आणि शाळेतल्या मुलींनी नक्कल करायला सुरुवात केल्यावर तिनं ते बंदच केलं. घरात चार खुणा ठरल्या होत्या. जेव, झोप, इकडे ये, बाबा रागावलेत. बाकीचं पाटीवर लिहून. पुढे ती बहिऱ्यांच्या शाळेत गेली, तिथून छापखान्याचं काम शिकली, आणि लांबच्या एका शहरात वर्तमानपत्राच्या छापखान्यात कंपोझिटर झाली. शिशाचे खिळे उलटे वाचत जुळवण्यात तिचा हात सगळ्यांच्या पुढे होता. यंत्रांच्या धडधडीचा तिला त्रास होत नव्हता, हेही मालकाच्या पथ्यावर पडलं. त्याच छापखान्यातल्या, तिच्यासारख्याच बहिऱ्या कंपोझिटरशी तिनं लग्न केलं. दोघं हातांनी बोलायची, भरभर, आणि नंबरताईला त्यातलं काहीएक कळायचं नाही.

म्हणजे एक बहीण दिवसभर अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देत होती, आणि तिची सख्खी बहीण त्या बोर्डावरच्या कुठल्याच भोकात नव्हती. नंबरताईला याचं फार वाईट वाटायचं असं नाही. पत्रं येत-जात होती. असंच असतं, असं ती धरून चालली होती.

मग आई गेली.

दुपारी छातीत दुखायला लागलं, संध्याकाळी दवाखान्यात नेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवून घ्या. नंबरताईनं बोर्डावरच्या मैत्रिणीकडून गावोगावच्या नातेवाइकांना फोन लावले. मामा आले, आत्या आली, मावशीची मुलं आली. धाकटीला तिनं तार केली. धाकटी पोचली ती पाठोपाठ टाकलेलं कार्ड मिळाल्यावर, इकडे सगळं उरकून गेल्यावर. ती घरभर फिरली, आईच्या खाटेजवळ उभी राहिली, भिंतीवरची आईची शाल काढून पिशवीत घातली. नंबरताईनं कागद-पेन्सिल पुढे केली. धाकटीनं ती परत सरकवली आणि दुसऱ्या गाडीनं निघून गेली.

आठवडाभरानं नंबरताई इतक्या वर्षांत पहिल्यांदा डावीकडचा जिना चढली. तार का पोचली नाही, ते तिला विचारायचं होतं. खिडकीवरच्या कारकुनानं हात झटकले, पण मागे टेलिप्रिंटर, तारेवरून आलेला मजकूर आपोआप छापणारं यंत्र, उघडून बसलेला मिस्त्री उठून आला. त्याच्या सगळ्या खिशांत स्प्रिंगा भरलेल्या असायच्या. चालताना त्यांचा बारीक आवाज यायचा.

"कुठल्या गावची तार?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. तो आत गेला, तिकडच्या ऑफिसशी टकटक करून बोलला आणि कागदाची पट्टी फाडून घेऊन आला.

"तार वेळेत पोचली होती, ताई. शिपाई त्याच संध्याकाळी घरी गेला होता. दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. त्यानं 'घर बंद' म्हणून परत आणली. सकाळी पुन्हा गेला, पुन्हा तेच."

"घरातच असणार ती दोघं."

"मग उघडलं का नाही?"

नंबरताई म्हणाली, "दोघांनाही ऐकू येत नाही."

मिस्त्रीनं पट्टीची घडी केली. "चहा घेणार?" असं त्यानं विचारलं आणि टेलिफोनची बाई तारवाल्यांच्या बाकावर बसून चहा पिताना लोकांनी पाहिली. त्याची चर्चा पुढे बरेच दिवस चालली, पण ती वेगळ्याच अंगानं.

तिथेच, त्या बाकावर, नंबरताईनं सहज विचारलं, "तुमचं हे यंत्र माझ्या तारेवरून नाही का चालणार? तिच्याकडे एक, माझ्याकडे एक."

"नाही चालणार," मिस्त्री म्हणाला. "माझ्या यंत्राला दोनच गोष्टी कळतात. वीज आहे, वीज नाही. तुमच्या तारेतून नुसता आवाज जातो."

"मग त्याला आवाज द्या."

मिस्त्री हसला. पण घरी गेल्यावर ते त्याच्या डोक्यातून जाईना. वीज आहे, याला एक सूर. वीज नाही, याला दुसरा सूर. पलीकडे दोन सूर वेगवेगळे ओळखायचे आणि त्यांची पुन्हा वीज करायची. सुरांचं त्याला काही कळत नव्हतं, म्हणून तो बाजारातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेला. रेडिओवाला तिरसट माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कशाला पाहिजे?" मिस्त्रीनं सांगितलं. "मग आधी नाही का सांगायचं," असं म्हणून त्यानं दुकानातलं गिऱ्हाईक घालवून दिलं.

तिघांनी मिळून ते कसं केलं याच्या पुढे बऱ्याच कहाण्या झाल्या, पण खरं सांगायचं तर बराचसा वेळ चुकण्यातच गेला. एक टेलिप्रिंटर मिस्त्रीनं लिलावाच्या भंगारातून सुटे भाग गोळा करून बांधला होता. दुसरा धाकटीच्याच वर्तमानपत्रात बातम्यांच्या खोलीत जुना होऊन पडला होता, तो नंबरताईचं पत्र गेल्यावर तिच्या नवऱ्यानं मालकाकडून मागून रेल्वेनं पाठवून दिला. यंत्र म्हणजे मोठ्या माणसाएवढं जड आणि चालायला लागलं की टेबल हलायचं. बाजूला रेडिओवाल्यानं बनवलेला लाकडी डबा, त्यावर रबराचे दोन कप. टेलिफोनचा रिसीव्हर उचलून त्या कपांत उताणा झोपवायचा. डबा रिसीव्हरच्या तोंडात गायचा आणि त्याच्या कानातून ऐकायचा. तारेला कुठे हातही लावायचा नाही. ही शक्कल नंबरताईची. परकं यंत्र खात्याच्या तारेला जोडणं हा गुन्हा होता आणि ती नियम मोडणाऱ्यातली नव्हती. नियमाच्या कडेकडेनं चालायला मात्र तिची हरकत नव्हती.

रविवारी सकाळी, रेडिओवाल्याच्या दुकानातून शेजारच्या औषधाच्या दुकानात, पहिलं वाक्य गेलं. औषधवाल्याच्या दुकानात यंत्र आपोआप खडखडलं आणि कागदावर उमटलं, "ऐकू येतंय का". रेडिओवाला पैज जिंकल्यासारखा ओरडला. औषधवाल्यानं विचारलं, "यापेक्षा हाक मारायला काय झालं होतं?"

मग धाकटीच्या घरी फोन घ्यायचा होता. ती नवऱ्याला घेऊन अर्ज द्यायला गेली. खिडकीवरच्या माणसानं अर्ज वाचला, दोघांकडे पाहिलं, खुणा पाहिल्या, आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "तुम्हाला फोन कशाला?" धाकटीनं खाली लिहिलं, "बोलायला." तो म्हणे कितीतरी वेळ त्या एका शब्दाकडे बघत बसला. शेवटी अर्जात कुठेही 'ऐकू येतं का' असा रकाना नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं शिक्का मारला. फोन आला. यंत्र पोचवायला गेलेल्या मिस्त्रीनं तिथे घंटेच्या आवाजानं लागणारा दिवा बसवून दिला होता. फोन वाजला की स्वयंपाकघरातला बल्ब लुकलुकायचा.

पहिल्या दिवशी नंबरताईनं क्वार्टरमधून कॉल लावला. बोर्डावरच्या मैत्रिणीनं जोडून दिला. तिनं रिसीव्हर कपांत ठेवला आणि टाइप केलं, "मी ताई". पलीकडे धाकटीच्या कागदावर आलं, "ममीत ततई झक्ष". धाकटीनं उत्तर पाठवलं, तेही असंच दळलेलं आलं. दोघींनी पुन्हा पुन्हा केलं. शेजारच्या दुकानात चालणारं यंत्र लांबच्या तारेवर वेडगळ झालं होतं.

आणि तेवढ्यात बोर्डावर दुसराच प्रकार झाला. मैत्रीण पाणी प्यायला उठली, तिच्या जागी बसलेल्या मुलीनं सवयीनं कळ दाबून ऐकलं, आणि कानात किंकाळ्यांसारखे सूर शिरले. तिनं हेडफोन फेकला आणि सुपरवायझर बाईंना बोलावलं. सुपरवायझर बाई कडक. त्यांनी स्वतः ऐकलं, कॉल कुठून कुठे चाललाय ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी नंबरताईच्या हातात चौकशीचा कागद आला.

चौकशीला विभागाचा इंजिनियर होता. नुकताच बदलून आलेला, सडपातळ, हळू बोलणारा. त्यानं नियमाचं कलम वाचून दाखवलं.

"परकं यंत्र तारेला जोडलं, हे कबूल आहे?"

"जोडलेलं नाही, साहेब. रिसीव्हर त्याच्यावर ठेवलाय."

"ठेवलाय?"

"टेबलावर ठेवतो तसा."

इंजिनियरनं चष्मा काढून पुसला. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "सर, शब्दांचा खेळ चाललाय हा. माझ्या बोर्डावरच्या मुलीचा कान गेला असता."

"ते बरोबर आहे तुमचं," इंजिनियर म्हणाला. मग नंबरताईला, "मला बघायचंय ते."

तो संध्याकाळी क्वार्टरवर आला. नंबरताईला वाटलं, आता जप्त करणार. तो खुर्ची ओढून बसला, दळलेल्या अक्षरांचे कागद पाहिले आणि लगेच म्हणाला, "प्रतिध्वनी आहे हा." मिस्त्रीही तिथे होता. इंजिनियरनं त्याला समजावून सांगितलं. लांबच्या तारेवर बोललेलं थोडंसं परत येतं. माणूस ते ऐकत नाही, कारण आपलाच आवाज आहे हे त्याला माहीत असतं. यंत्राला तेवढी अक्कल नाही. ते स्वतःचंच बोलणं दुसऱ्याचं समजून छापत बसतं.

"मग?" मिस्त्री म्हणाला.

"बोलत असताना त्याचा कान बंद ठेवा. बोलून झालं की जरा थांबून उघडा."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. इंजिनियरनं चहा घेतला आणि निघताना म्हणाला, "बँकांचे आकडे, हवामानाचे आकडे टेलिफोनच्या तारेवरून न्यायचा विचार खात्यात चाललाय. बाहेरून यंत्रं मागवलीत, ती अजून बंदरात पडून आहेत. तुमचं आधी झालं." जरा थांबून म्हणाला, "पण चौकशीचा अहवाल मला लिहावाच लागेल."

त्यानं तो लिहिला. नंबरताईला ट्रंक बोर्डावरून काढून चौकशीच्या खिडकीवर बसवलं. हरवलेले नंबर शोधून द्यायचे, पत्ते सांगायचे. मिस्त्रीला ताकीद मिळाली. मात्र अहवालाच्या शेवटी एक वाक्य होतं, की सदर यंत्र पुढील आदेश होईपर्यंत प्रयोग म्हणून चालू ठेवण्यास हरकत नाही. पुढील आदेश कधी झालाच नाही. नंबरताईला बोर्ड सुटल्याचं दुःख झालं. तिचे हात रिकामे झाल्यासारखे व्हायचे, बसल्या जागी बोटं हलायची. ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

इंजिनियरनं सांगितलं तसा रेडिओवाल्यानं नवा डबा करून दिला, पण त्यामुळे एक अडचण झाली होती. यंत्र बोलत असताना त्याचा कान बंद, म्हणजे दोघींना एका वेळी बोलता येत नव्हतं. एकीनं लिहून संपवायचं आणि शेवटी "आता तू" असं टाइप करायचं, मग दुसरीनं सुरू करायचं. पहिल्या खऱ्या बोलण्याला दोघींनी अशी सुरुवात केली. तू कशी आहेस, मी बरी, तिकडे गरम आहे का, आता तू. नंबरताईला भरून आलं होतं. यंत्राचा खडखडाट आणि आपोआप उमटणारी अक्षरं, जणू धाकटी खोलीतच होती.

मग धाकटीनं लिहायला सुरुवात केली आणि थांबेचना.

"मला एक विचारायचं आहे," कागदावर उमटत गेलं. "तू सगळ्यांना फोन केलेस. मामांना केलास, ज्यांना आई नीट ओळखतही नव्हती त्यांनाही केलास. मला तार केलीस. माझ्या शेजारी फोन आहे. छापखान्यात फोन आहे. मालकाला फोन केला असतास तर त्यानं मला हाताला धरून गाडीत बसवलं असतं. तुला सुचलं नाही. तू दिवसभर लोकांना शोधून काढतेस आणि मला कुणामार्फत शोधायचं हे तुला सुचलं नाही. मला वाटतं तुझ्या डोक्यात मी फोनच्या जगात नाहीच. लहानपणीही असंच. सगळे हसायचे, मी विचारायचे काय झालं, तू हातानं सांगायचीस, काही नाही. मला ती खूण सगळ्यात जास्त येते. काही नाही, नंतर सांगते. आई कशी गेली हे मला अजून कुणी सांगितलं नाही."

नंबरताईनं मध्येच टाइप करून पाहिलं. अक्षरं गेली नाहीत. बोर्डावर आयुष्यभर तिनं लोकांच्या बोलण्यात कळ दाबून डोकं घातलं होतं, इथे तिला थांबण्यावाचून गत नव्हती. कागद टेबलावरून खाली लोंबायला लागला. शेवटी "आता तू" आलं.

तिनं लिहिलं, "मला सुचलं नाही हे खरं." पुढे लिहिलं, "पण मी एकटी होते. तू तिकडे संसारात, मी इकडे आईचं सगळं करत होते, तेव्हा तू कुठे होतीस. आता तू." हे पाठवल्या क्षणी तिला कळलं, की लिहायला नको होतं. बोललेलं हवेत विरतं, हे तर पलीकडे कागदावर छापून बसलं होतं.

उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं धाकटीनं रिसीव्हर उचलून जागेवर ठेवल्याचा खटका ऐकू आला.

पुढे बरेच महिने धाकटीच्या स्वयंपाकघरातला बल्ब लुकलुकायचा आणि ती त्याच्याकडे पाठ करून भाजी चिरायची. हे तिच्या नवऱ्यानं पत्रातून कळवलं. शेवटी नंबरताईनं यंत्रावर बसून एक लांबलचक मजकूर तयार केला. आईला दुपारी कसं दुखायला लागलं, दवाखान्यात ती काय म्हणाली, पाणी कुणी दिलं, धाकटीचं नाव तिनं कितीदा घेतलं, आणि शेवटी श्वास कसा लहान लहान होत गेला. "काही नाही" असं त्यात कुठे नव्हतं. ते तिनं पोस्टानं पाठवलं नाही. तिनं कॉल लावला, मेहुण्यानं रिसीव्हर कपांत ठेवला, आणि सगळं टाइप केलं. धाकटी यंत्रापाशी येऊन उभी राहिली आणि कागद बाहेर येत असतानाच वाचत गेली. संपल्यावर तिनं बसून दोन शब्द टाइप केले. "आणखी सांग."

त्यानंतर त्या बोलत राहिल्या. भांडल्याही पुष्कळ, पण रिसीव्हर पुन्हा तसा कुणी ठेवला नाही.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. धाकटीच्या शहरातल्या बहिऱ्या लोकांनी रेडिओवाल्याला डबे करायला सांगितले. यंत्रं मिळतील तिथून मिळवली. त्यांचं एकमेकांशी बोलणं सुरू झालं, पण डॉक्टरकडे, शाळेत, ऑफिसात यंत्र कुठून असणार? तेव्हा लोकांनी नंबरताईला गळ घातली. चौकशीच्या खिडकीमागे एक टेबल रिकामं होतं. इंजिनियरनं तोंडी परवानगी दिली. बहिरा माणूस यंत्रावर लिहायचा, नंबरताई ते वाचून दुसऱ्या फोनवर मोठ्यानं बोलायची, आणि तिकडचं उत्तर टाइप करून पाठवायची. जे लिहिलं असेल तेच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही, असा तिनं स्वतःला नियम घालून घेतला होता.

या नियमानं एकदा पंचाईत झाली. एका शिंप्याचं घरमालकाशी भांडण लागलं. शिंप्यानं यंत्रावर शिव्यांची माळच पाठवली. नंबरताईनं एकदा घसा साफ केला आणि आपल्या ट्रंक बोर्डाच्या गोड, शांत आवाजात त्या एकेक करून घरमालकाला ऐकवल्या. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं पेन खाली ठेवलं. पलीकडे घरमालक म्हणाला, "बाई, तुम्ही चांगल्या घरच्या वाटता." तिनं तेही टाइप करून पाठवलं. शिंप्याचं उत्तर आलं, "तिला नाही, तुला बोलतोय." तेही तिनं वाचून दाखवलं. सुपरवायझर बाई, त्या कडक बाई, दारात उभ्या होत्या. त्या वळून गेल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

काळ पुढे सरकला तशी दोन्ही खाती एक झाली. वरच्या पातळीवर काय ठरलं ते खाली कुणाला नीट कळलं नाही. एक दिवस मजूर आले आणि त्यांनी मधली भिंत फोडली. नवं एक्स्चेंज आलं, ते कपाटांत मावलं. आता तारेतून आवाज जात नव्हता, लिहिणंही जात नव्हतं, दोन्हीचे आकडे होऊन जात होते, आणि कुठला आकडा बोलण्याचा आणि कुठला लिहिण्याचा हे तारेला कळण्याची गरज उरली नव्हती. ट्रंक बोर्ड सुटे करून नेले. टेलिप्रिंटरचा खडखडाट थांबला. मिस्त्रीला कपाटांची झाकणं उघडायचं काम मिळालं. आत स्प्रिंग एकही नव्हती. तो नोकरीतून सुटला तेव्हा निरोपाच्या समारंभाला दोन्ही बाजूंचे लोक आले होते आणि कोण कुठल्या बाजूचा हे नव्या मुलांना ओळखता येत नव्हतं. पुढे दोन वर्षांत तो वारला. रेडिओवाल्याचं दुकान त्याच्या आधीच बंद झालं होतं.

नंबरताई निवृत्त झाली. ती एका लहान घरात राहायला गेली. टेबल हलवणाऱ्या यंत्राच्या जागी तोवर पुस्तकाएवढं नवं यंत्र आलं होतं, पण रबराचे कप आणि दोन सूर तेच. दर रविवारी सकाळी दोघी बोलायच्या. आणि मग एका रविवारी पडद्यावर पुन्हा दळलेली अक्षरं आली.

तिला वाटलं यंत्र बिघडलं. दुरुस्त करणारा म्हणाला, ठीक आहे. मग तिनं फोन कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. बराच वेळ संगीत वाजल्यावर एका मुलीनं उचललं.

"मॅडम, तुमचा आवाज तर स्वच्छ येतोय. लाईन उत्तम आहे."

"माझा आवाज नाही हो. यंत्राचे सूर."

"सूर?"

नंबरताईनं सगळं सांगितलं. मुलीनं ऐकून घेतलं आणि वरच्या कुणाला तरी विचारून आली. नव्या जाळ्यात आवाजाचे बारीक तुकडे करून पाठवतात, ती म्हणाली. जागा वाचवायला काही तुकडे गाळतात. माणसाला फरक पडत नाही. "पण तुमच्या मशीनला पडत असेल. ती सुविधा आता बंद झाली, मॅडम. सॉरी."

नंबरताईनं रिसीव्हर ठेवला. मिस्त्री असता तर काय म्हणाला असता, असा विचार तिच्या मनात आला. इंजिनियरला ती विचारू शकली असती, पण तो कुठे असतो हे तिला माहीत नव्हतं.

धाकटीचा मात्र या प्रकरणात काही खोळंबा झाला नव्हता. तिनं यंत्र केव्हाच माळ्यावर टाकलं होतं. केवळ ताईसाठी रविवारी ते खाली काढायची. तिनं आपल्या मुलीकरवी नंबरताईला एक मोबाईल पाठवला आणि लिहिलं, "यावर मी दिसेन. आता टाइप नाही करायचं. हातानं बोल."

पहिल्यांदा फोनवर धाकटीचा चेहरा आला तेव्हा नंबरताईनं सवयीनं "हॅलो" म्हटलं. धाकटीचे हात चालू झाले. चेहरा, भुवया, खांदे, सगळं बोलत होतं, आणि नंबरताईला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तिनं हातवारे करून "हळू" असं सुचवलं. धाकटीनं हळू केलं. तरी कळेना. इतकी वर्षं त्या बोलल्या होत्या ते ताईच्या भाषेत. धाकटीनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि नंबरताईच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

धाकटीनं एक कागद लिहून कॅमेऱ्यासमोर धरला. "क्लास असतो. चौकशी कर."

क्लास बहिऱ्यांच्या मंडळाच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणारी बाई स्वतः बहिरी, वयानं नंबरताईच्या निम्मी. विद्यार्थ्यांत एक बाळाची आई, एक बँकेतला माणूस, दोन नर्स. नंबरताई सगळ्यांत म्हातारी. तिची बोटं सांध्यांत आखडलेली होती, आणि तोंडानं बोलायचं नाही या नियमाचा तिला सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. बाई वारंवार तिच्या ओठांवर बोट ठेवायच्या. घरी ती मोबाईल डब्याला टेकवून खिडकीसमोर बसायची आणि शिकलेलं धाकटीला करून दाखवायची. एकदा तिला सांगायचं होतं, दवाखान्यात जाऊन आले. धाकटीनं डोळे मोठे केले, नवऱ्याला बोलावलं, आणि दोघं हसत सुटली. कागदावर लिहून दाखवलं, "तू लग्न करून आलीस असं म्हणालीस. कुणाशी?"

पहिल्या परीक्षेत नंबरताई नापास झाली. हे धाकटीला सांगायचं तर नापासची खूण तिला माहीत नव्हती. म्हणून तिनं निकालाचा कागदच समोर धरला. धाकटीनं तो वाचला, कागद बाजूला कर असं सांगितलं, आणि ती खूण सावकाश करून दाखवली. नंबरताईनं केली. मनगट चुकलं. धाकटीनं स्वतःचं मनगट धरून पुन्हा दाखवलं. या वेळी बरोबर आली.